लेकॉकची ‘ती’ खिडकी तेराव्या शतकातली नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत छायाचित्रणाच्या जन्मावरचा लेख वाचला. फ्रान्सचे दाग्येर आणि इंग्लंडचे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांच्यातली चढाओढ लेखकानं छान, सुटसुटीत मांडली आहे. लेखाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती चित्राखालच्या ओळीबद्दल. टॅलबटनी ऑगस्ट १८३५ मध्ये घेतलेल्या, जगातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध निगेटिव्हखाली आपण छापलंत : ‘लेकॉक ॲबी या तेराव्या शतकातील मठाची मूळ खिडकी’. शिवाय लेखात एके ठिकाणी ही वास्तू ‘आठशे वर्षं मूळ रूपात जपलेली’ असल्याचं म्हटलं आहे.

लेकॉक म्हणजे टॅलबटचं इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातलं घर, पूर्वीचा मठ. त्यातली ती खिडकी मूळ नाही, तेराव्या शतकातली तर मुळीच नाही. फोटो निघाला तेव्हा ती जेमतेम पाच ते आठ वर्षांची होती. आणि मूळ रूपात जपलेलं घर पाहायचं असेल तर लेकॉक सोडून दुसरीकडे जावं.

मी बांधकाम खात्यात ट्रेसर म्हणून लागले आणि हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. जुन्या सरकारी इमारतींचे, वाड्यांचे मोजमापाचे नकाशे काढण्यात नोकरी गेली. त्यामुळे कुठलीही भिंत दिसली की ही कधीची आणि तिच्यात नंतर काय घुसडलंय, हे बघायची खोड लागली आहे. सध्या मी लेकीकडे स्विंडनला असते. तिथून आगगाडीनं चिपनहॅम, पुढं बसनं तीनेक मैलांवर लेकॉक. गुडघे कुरकुरतात, पण घर पाहून आले आणि वहीत कच्चा नकाशाही काढला. म्हणून हे पत्र.

आधी खिडकीचंच बघू. घराच्या दक्षिण अंगाला पहिल्या मजल्यावर एक लांबट दालन आहे, त्याला साउथ गॅलरी म्हणतात. तिच्या भिंतीतून तीन खिडक्या बाहेर काढलेल्या आहेत, आपल्याकडच्या वाड्याच्या सज्जासारख्या. इंग्रजीत त्यांना ऑरिएल म्हणतात. तिन्ही खिडक्या टॅलबटनी १८२७ ते १८३० या काळात बसवून घेतल्या. मधली सगळ्यांत छोटी, आणि प्रसिद्धी आली ती तिच्या वाट्याला. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या चौकटी-चौकटींच्या काचा, मध्ये दगडी उभे दांडे. टॅलबटनी आतल्या बाजूनं, उजेडाकडे तोंड करून कॅमेरा ठेवला. निगेटिव्ह टपालाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. तिच्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आहे की प्रत ताजी होती तेव्हा भिंगातून पाहिल्यास काचेचे सुमारे २०० चौकोन मोजता येत होते. हे कॅमेरे म्हणजे गावच्या सुतारानं करून दिलेल्या लहान लाकडी पेट्या. टॅलबटच्या पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणायच्या. नवरा घरभर सापळे लावून ठेवतो म्हटल्यावर बाई दुसरं काय म्हणणार!

टॅलबटनी जुन्या घराला नव्या खिडक्या का पाडल्या, हे लेखात यायला हवं होतं. ते पाच महिन्यांचे असताना वडील वारले आणि मागे कर्ज ठेवून गेले. घर भाड्यानं गेलं. आई लेडी एलिझाबेथ मुलाला घेऊन नातलगांकडे राहिली, पुढं तिनं दुसरं लग्न केलं. कर्ज फिटून घर ताब्यात आलं आणि माय-लेक तिथं राहायला गेले ते १८२७ मध्ये. पंचविसेक वर्षं भाडेकरूंच्या ताब्यात राहिलेलं घर कसं असतं, हे मी काय सांगू. लगेच कामं निघाली. त्यातलं मोठं काम म्हणजे ही दक्षिण बाजू. पूर्वी तिथं जाडजूड भिंत होती आणि आत उजेड बेताचा. तो उजेड आत घेण्यासाठी या खिडक्या पाडल्या. पुढं पाचच वर्षांनी मालक उजेड कागदावर पकडायला बसला आणि समोर त्याला त्याचीच खिडकी दिसली. तेव्हा, साहेब, दुरुस्ती झाली नसती तर तो फोटो निघण्यासारखी जागाच तिथं नव्हती. आपण ज्याला ‘मूळ’ म्हणून मान दिलात, ते त्या घरातलं त्या वेळचं सर्वांत ताजं काम होतं.

आता ती जाडजूड भिंत. माझ्या दृष्टीनं घरातली सगळ्यांत बोलकी गोष्ट तीच, आणि तिच्याकडे कुणीही ढुंकून बघत नाही. घराची ही दक्षिण भिंत म्हणजे मठाच्या चर्चची उत्तर भिंत. चर्च आज नाही. तुम्ही हिरवळीवर उभं राहून खिडक्यांचे फोटो काढता, तेव्हा तुमचे पाय चर्चच्या आत असतात. तिथं वेदी होती, नन्स प्रार्थनेला उभ्या राहत. चर्चच्या बाकीच्या भिंती आणि छप्पर काढून टाकलं आणि एक भिंत घरासाठी ठेवून दिली. हे काम ज्यानं केलं त्या माणसाबद्दल आपल्या लेखात एक शब्द नाही.

त्याचं नाव विल्यम शॅरिंग्टन. आठव्या हेन्रीच्या दरबारातला माणूस. हेन्रीनं मठ बरखास्त करायला सुरुवात केली तेव्हा १५३६ च्या कायद्यानं लहान मठ आधी बंद झाले. लेकॉकचं उत्पन्न कमी होतं, तरी बायकांनी दंडाची रक्कम भरून मुदत मिळवली. जानेवारी १५३९ मध्ये मात्र तोही मठ सरकारजमा झाला. १५४० मध्ये शॅरिंग्टननं तो ७८३ पौंडांना विकत घेतला. चर्च पाडलं, दगड कामाला आणले, आणि उरलेल्या मठाचं राहतं घर केलं.

एवढं वाचल्यावर कुणालाही वाटेल की हा घरफोड्या. बाकीच्या आयुष्यातही तो काही संत नव्हता. ब्रिस्टलच्या टांकसाळीचा कारभार त्याच्याकडे होता. तिथं त्यानं हलक्या धातूची नाणी पाडली, हिशेब खोटे लिहिले आणि त्या पैशाच्या जोरावर बालराजा सहाव्या एडवर्डचा मामा थॉमस सीमोर याच्या कटात सामील झाला. १५४९ च्या सुरुवातीला धरला गेला. सगळं कबूल करून टाकलं. सीमोरचं डोकं उडालं, हा वाचला. माफी मिळवली, जप्त झालेल्या जमिनी पैसे भरून परत घेतल्या आणि १५५२ मध्ये चक्क विल्टशायरचा शेरीफ, म्हणजे राजाचा तिथला मुख्य अधिकारी, झाला! सरकारी नोकरीत मीही बरीच माणसं सांभाळून घेतलेली पाहिली आहेत, पण इतकं नाही.

तरीही, एक आरेखक म्हणून सांगते, या माणसाची घराची समज पक्की होती. मठाची रचना अशी : मध्ये चौक, चौकाभोवती दगडी छताची ओसरी, तिला क्लॉइस्टर म्हणतात. ओसरीला लागून तळमजल्यावर पूजासाहित्याची खोली, चॅप्टर हाऊस म्हणजे मठाच्या सभेची खोली, आणि शेकोटीची ऊबदार खोली. नन्सचं झोपायचं दालन आणि जेवणघर वरच्या मजल्यावर. मठ विकत घेणारे पुष्कळजण हे सगळं तोडून मोकळं मैदान करत आणि त्यावर नवं घर बांधत. शॅरिंग्टननं पाहिलं की राहण्यासारख्या मोठ्या जागा वरच आहेत. त्यानं संसार वरच्या मजल्यावर थाटला. खालची ओसरी आणि तिच्या भोवतालच्या खोल्या कोठारासारख्या वापरायला राहू दिल्या. कोठाराला कुणी हात लावत नाही, नवा रंग देत नाही, खिडकी मोठी करत नाही. म्हणून आज इंग्लंडमधल्या नन्सच्या मठांपैकी इतका शाबूत तळमजला आपल्याला बघायला मिळतो. यात भक्ती नव्हती, जुन्याचं प्रेमही नव्हतं. होती ती काटकसर आणि सोय.

आणि जिथं त्याला नवं हवं होतं तिथं त्यानं हात आखडता घेतला नाही. आग्नेय कोपऱ्यात अष्टकोनी बुरुज उभा केला, तीन मजली, वर दगडी कठडा. मधल्या मजल्यावर तिजोरीची खोली, आणि तिच्यात अष्टकोनी दगडी मेज. मेजाखाली कोरलेल्या माणसांसारख्या आकृत्या बसल्या आहेत आणि शॅरिंग्टनचं कुलचिन्ह असलेला विंचूही आहे. हे काम जॉन चॅपमन या कारागिराचं, त्यानं राजासाठीही कामं केली होती. इटलीतलं नवं नक्षीकाम इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत अजून पोचायचं होतं, तेव्हा हे इथं झालं. खोट्या नाण्यांचा पैसा खऱ्या दगडकामात गेला म्हणायचं! घोड्यांच्या पागेचा चौक आणि बिअर गाळायचं घरही त्याचंच. ते बिअरघर नक्की बघावं. पाण्याची, रसाची वाट वरून खाली कशी नेलीय, हे कुठल्याही जलवाहिनीच्या नकाशाशिवाय डोळ्यांनी कळतं.

शॅरिंग्टनला मूल नव्हतं. घर भावाकडे गेलं, भावाची मुलगी ऑलिव्ह हिनं जॉन टॅलबटशी लग्न केलं, तेव्हापासून टॅलबट. बापाचा विरोध होता, म्हणून तिनं उंचावरून खाली उडी मारली, घागऱ्यात वारा भरला आणि ती वाचली, बिचारा जॉन मात्र तिच्याखाली सापडून बेशुद्ध पडला, अशी गोष्ट तिथं सांगतात. दंतकथाच असणार. पण उडी कुठून मारली म्हणून सगळे माना वर करून बघतात, त्या निमित्तानं तरी भिंतीकडे लक्ष जातं.

मठ कुणी बांधला हेही लिहायचं राहिलं, तेवढं उरकते. सॅलिसबरीची काउंटेस एला. तिचा नवरा विल्यम लॉन्गस्पे हा दुसऱ्या हेन्रीचा अनौरस मुलगा. तो १२२६ मध्ये वारल्यावर तिनं पुन्हा लग्न केलं नाही, विल्टशायरचं शेरीफपद स्वतः सांभाळलं आणि १२३२ मध्ये एकाच दिवशी दोन मठांचा पाया घातला असं सांगतात : सकाळी बायकांसाठी लेकॉक, दुपारी पुरुषांसाठी हिंटन. नंतर स्वतः लेकॉकची मठाधिपती झाली. एका शेरीफनं बांधलेलं घर तीनशे वर्षांनी दुसऱ्या शेरीफनं फोडलं.

आता ‘तेराव्या शतकातील मठ’ म्हणताना आपण ज्या ओसरीचे फोटो छापता, ती तरी पूर्ण तेराव्या शतकातली आहे का? नाही. भिंती आणि दारं पुष्कळशी जुनी, पण वरचं दगडी छत पंधराव्या शतकातलं. दगडी फासळ्या एकमेकींना छेदत जाळीसारख्या पसरतात आणि जिथं मिळतात तिथं कोरीव गाठ. म्हणजे नन्सनीसुद्धा स्वतःच्या मठाची दुरुस्ती केली, आणि तीही तेव्हाच्या फॅशनप्रमाणे. जादूच्या शाळेचे सिनेमे पाहून आलेली पोरं याच ओसरीत झाडू घेऊन पळतात. पोरांचं सोडा, आपल्या लेखकानंही तिथंच ‘मूळ’ हा शब्द वापरला आहे. ऊबदार खोलीतली ती प्रचंड कढई तर मेखलन गावी, आजच्या बेल्जियममध्ये, १५०० साली ओतलेली.

अठराव्या शतकात गंमत झाली. तेव्हाचा मालक जॉन आयव्हरी टॅलबट. त्याला पश्चिम बाजूचा जुना हॉल नकोसा झाला. त्यानं वॉर्विकशायरचे सँडरसन मिलर यांना बोलावलं. मिलर हे काही धंद्यानं वास्तुविशारद नव्हते, हौशी जमीनदार. त्यांची ख्याती कशासाठी? बागेत नवे कोरे ‘भग्न’ किल्ले उभारण्यासाठी! हॅग्लीच्या बागेतला त्यांचा पडका किल्ला पडका म्हणूनच बांधला होता. तर या गृहस्थांनी १७५३ ते १७५५ या काळात लेकॉकला गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन चर्चच्या पद्धतीचा हॉल करून दिला. टोकदार कमानी, छतावर यजमानाच्या मित्रमंडळींची कुलचिन्हं, भिंतीतल्या कोनाड्यांत भाजलेल्या मातीचे पुतळे. पुतळे ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर अलेक्झांडर सेडरबाख यांनी घडवले. त्यांतल्या एका बोकडाच्या नाकावर साखरेचा खडा ठेवलेला असतो.

खालच्या मजल्यावर तेराव्या-पंधराव्या शतकातली खरीखुरी गॉथिक ओसरी, आणि वर तिच्याकडे कानाडोळा करून बांधलेला नाटकी गॉथिक हॉल. माझ्यासारखीला पहिल्यांदा हसू आलं. मिलरच्या कमानींना वजन पेलायचं नाही, ते काम भिंती करतात, कमानी नुसत्या मिरवतात. पण हॉलमध्ये थोडा वेळ बसले तेव्हा वाटलं, हे थट्टेनं केलेलं नाही. त्या माणसाला जुनं आवडत होतं. फक्त ते कसं उभं राहतं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं दिसतं तसं काढलं. शॅरिंग्टनला जुनं आवडत नव्हतं, पण त्याला ते कसं उभं राहतं हे चोख कळत होतं. दोघांपैकी मी कामाला कुणाला ठेवीन, हे वाचकांनी ओळखावं.

टॅलबट स्वतः १८७७ मध्ये लेकॉकलाच वारले. त्याच वर्षी लंडनमध्ये विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तेव्हा इंग्लंडभर चर्चच्या दुरुस्तीच्या नावाखाली नंतरची शतकं खरवडून काढून इमारत ‘मूळच्या’ तेराव्या शतकात नेऊन ठेवायची लाट होती. मॉरिस यांचं म्हणणं असं की प्रत्येक काळानं केलेलं काम हा इमारतीच्या आयुष्याचा भाग आहे, ते खरवडणं हाच नाश. आपल्या लेखातला ‘मूळ रूप’ हा शब्द मला खुपला तो यासाठीच. लेकॉकला मूळ रूपात न्यायचं ठरवलं तर आधी मिलरचा हॉल जाईल, मग शॅरिंग्टनचा बुरुज, पंधराव्या शतकातलं छत, आणि ज्या खिडकीचा आपण फोटो छापलात ती तर पहिल्याच दिवशी.

टॅलबट यांचे चिरंजीव चार्ल्स हेन्री यांनी हा मोह टाळला. त्यांना बापासारखं रसायनात गम्य नव्हतं, जुन्या वास्तूंच्या अभ्यासात होतं. त्यांनी आणि वास्तुविशारद हॅरॉल्ड ब्रॅकस्पिअर यांनी मठाचे झाकले गेलेले भाग शोधले, मोजले, जपले, पण वडिलांच्या आणि पूर्वजांच्या कामावर हातोडा चालवला नाही. ब्रॅकस्पिअर यांनी १९०० च्या सुमारास या मठावर सविस्तर लिहून ठेवलं. चार्ल्स अविवाहित होते. १९१६ मध्ये घर भाचीकडे, मटिल्डाकडे आलं. तिनं टॅलबट आडनाव घेतलं, आणि १९४४ मध्ये घर व जवळजवळ सगळं गाव नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. घरात शतकानुशतकं पडून राहिलेली मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची, १२२५ सालची प्रत तिनं पुढच्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमला दिली. ती विकून घराचं छप्पर नवं करता आलं असतं. मी असते तर मला झोप लागली नसती.

लेखात मुंबईचा उल्लेख नाही, तो हवा होता. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सुरुवातीच्या मंडळींत होते. इंग्लंडच्या खेड्यातल्या सापळ्यांपासून तिथवर वीसच वर्षं.

आणखी एक गोष्ट, ती माझ्या धंद्यातली. टॅलबटचे स्नेही सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये लोहाच्या क्षारांनी निळी प्रत काढायची रीत शोधली. ट्रेसिंगखाली तो कागद ठेवायचा, उन्हात धरायचा, धुवायचा. रेषा पांढऱ्या, बाकी निळं. त्यावर जगभरची नकाशा-कार्यालयं चालली. मी लागले तेव्हा निळी प्रत जाऊन अमोनियाची आली होती आणि प्रिंटच्या खोलीत डोळ्यांतून पाणी यायचं, तरी जुनी मंडळी तिला ब्लू प्रिंटच म्हणत. एका पारदर्शक मूळ चित्रावरून हव्या तेवढ्या प्रती, ही जी टॅलबटची कल्पना, तिच्यावर माझं पेन्शन उभं आहे. म्हणून या गृहस्थाच्या खिडकीचं साल चुकलेलं मला बघवेना.

आपल्याला एक सुचवते. अशा घरांवर लिहिताना फोटोऐवजी एक नकाशा छापावा. इंग्लंडमध्ये ही पद्धत जुनी आहे : एकाच नकाशात प्रत्येक शतकाच्या भिंती वेगळ्या रेघांनी भरायच्या. तेराव्या शतकाची भिंत पूर्ण काळी, सोळाव्याची तिरक्या रेघांची, अठराव्याची उलट तिरक्या, एकोणिसाव्याची नुसती ठिपक्यांची. लेकॉकचा माझा कच्चा नकाशा तसाच आहे. दक्षिण बाजूला काळी भिंत, तिला लागून वरच्या मजल्यावर तिरक्या रेघा, आणि त्यांतून बाहेर आलेले तीन ठिपकेदार चौकोन. छापायचा असल्यास शाईनं नीट काढून पाठवते. मापं पावलांनी घेतली आहेत हे मात्र खाली लिहावं लागेल.

पुढच्या रविवारी केंट परगण्यातल्या नोल या जुन्या घरावर लेख आहे, असं आपण जाहीर केलंत. तिथंही घोटाळ्याला वाव आहे, म्हणून आधीच लिहिते. नोलला वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५ खोल्या, आठवड्यांइतके ५२ जिने आणि वारांइतके सात चौक आहेत, ही आख्यायिका आहे, मोजदाद नव्हे. तिचं पुन्हा ‘विशेष माहिती’ म्हणून चौकटीत छापणं टाळावं. घर घडवलं कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस बोर्शिए यांनी, जागा १४५६ मध्ये विकत घेऊन. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीनं ते आर्चबिशप क्रॅनमरकडून काढून घेतलं. नंतर थॉमस सॅकव्हिल यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा राजवाडा केला. म्हणजे हेही घर आधीच्यावर चढवलेलंच. छापण्याजोगी गोष्ट हवी असेल तर ही घ्या : २०१४ मध्ये तिथं पुरातत्त्व अभ्यासकांनी राजासाठी सजवलेल्या खोलीची जमीन उचकटली. खालच्या ओक लाकडाच्या तुळयांवर आणि शेकोटीभोवती सुतारांनी ओढलेल्या खुणा सापडल्या, एकमेकांना छेदणाऱ्या रेघांची जाळी आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या जोड्या. भूतबाधा आत येऊ नये म्हणून. लाकडाच्या वलयांवरून कळलं की झाड १६०५-०६ च्या हिवाळ्यात तोडलं होतं, म्हणजे पार्लमेंट बारुदानं उडवायचा कट उघडकीस आला त्याच हिवाळ्यात. सुतारांनी हे मालकाला विचारून केलं की परस्पर, हे लेखकानं शोधलं तर मलाही वाचायला आवडेल. त्या तुळईचा फोटो मोठा छापावा, आणि ओळीत साल घालावं.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
सातारा (सध्या मुक्काम स्विंडन)